देवगडात बसून फ्रीबीएसडीवर विम कंपाइल करताना

मे संपला, शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या आणि हिशेब मिटले, की मला आठ-दहा दिवस मोकळे मिळतात. पावसाने झोडपायला सुरुवात केलेली असते, वाडीत कुणी येत नाही. तेव्हा मी भाच्याचा जुना, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेला लॅपटॉप काढून त्यावरचा विम हा मजकुराचा एडिटर नव्याने कंपाइल करतो, म्हणजे मूळ सोर्स कोडपासून बनवतो. पेट्यांच्या याद्या मी साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतो. एका ओळीत गाव, पेट्या, डझन आणि भाव. त्यामुळे एडिटर हेच माझं दुकान.

तयार पॅकेज एका आज्ञेत बसतं हे मला ठाऊक आहे. पण मला एक्स-विंडोशी, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेशी, काडीचाही संबंध नसलेला विम हवा. एक्ससकट कंपाइल केलेला विम सुरू होताना एक्स सर्व्हरशी बोलायला जातो. दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन केलेलं असेल आणि तिकडून उत्तर आलं नाही, तर आपण रिकाम्या पडद्याकडे बघत बसायचं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये करायच्या.

सोर्सची टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइलींचं गाठोडं) उलगडलीत की आत 'एसआरसी' नावाची डिरेक्टरी दिसेल. बहुतेक जण इथे थेट 'कॉन्फिगर' ही यंत्र तपासून बांधणी ठरवणारी स्क्रिप्ट चालवतात आणि पुढे डॅश-डॅश लावून पर्यायांची माळ ओवतात. मीही तेच करायचो. ते करू नका. एसआरसीमधली मेकफाइल, म्हणजे कंपाइल करवून घेणाऱ्या 'मेक'साठीच्या सूचनांची फाइल, उघडा. त्यासाठी विम लागत नाही, फ्रीबीएसडीबरोबर 'व्हीआय' येतोच. तो एनव्हीआय आहे, म्हणजे बिल जॉयने १९७६ मध्ये बर्कलीत लिहिलेल्या व्हीआयची नव्याने लिहिलेली आवृत्ती. ब्राम मोलेनारचा विम १९९१ मध्ये आला, तोही आधी अमिगा संगणकावर. थोडक्यात, आज्याच्या हाताने नातवाचं बारसं.

मेकफाइलमध्ये 'कॉन्फ-ऑप्ट'ने सुरू होणाऱ्या पुष्कळ ओळी आहेत आणि बहुतेकांच्या पुढे हॅश आहे, म्हणजे त्या बंद आहेत. हवी त्या ओळीचा हॅश काढायचा, बस. मी काढतो ते असे: जीयूआयच्या (चित्रमय खिडकीच्या) गटातली 'डिसेबल-जीयूआय'ची ओळ, एक्सची 'विदाउट-एक्स', आणि फीचर्सची 'ह्यूज'. विम ९.१ मध्ये टायनी, नॉर्मल आणि ह्यूज एवढेच आकार उरले आहेत. टायनीच्या मोहात पडू नका. त्यात एक्स्प्रेशन समजून घेण्याची सोयच नसते, त्यामुळे तुमच्या विमआरसी या सेटिंगच्या फाइलीतले 'इफ'चे सगळे तुकडे तो मुकाट वगळतो आणि आपण तासभर चूक शोधत राहतो. 'प्रीफिक्स'ची होमवाली ओळही उघडा, म्हणजे सगळं आपल्या घरच्या डिरेक्टरीत बसेल आणि रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) व्हावं लागणार नाही. शेवटी 'कंपाइल्ड-बाय'ची ओळ. तिथे मी गाव आणि वर्ष लिहितो. हौस म्हणा, पण पुढे ती कामाला येते.

टर्मिनल लायब्ररीच्या ओळीला हात लावू नका. लिनक्सवर एनकर्सेस या टर्मिनल लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं आणावं लागतं. फ्रीबीएसडीत ते मूळ सिस्टिममध्येच असतं, कॉन्फिगरला आपोआप सापडतं. माउसचंही तेच: 'जीपीएम' लिनक्सच्या कन्सोलचा, इथे 'सिसमाउस' असतो, आहे तसं राहू द्या. बाहेरून बसवलेल्या लायब्रऱ्या फ्रीबीएसडीवर यूएसआर-लोकलमध्ये जातात आणि कंपायलर तिथे आपणहून बघत नाही. इतर प्रोग्रामांना ती वाट दाखवावी लागते, विमचं कॉन्फिगर मात्र स्वतःच तिथे डोकावतं.

आता मेकफाइलच का, ते सांगतो. आमच्याकडे जूनमध्ये लाइट येते-जाते, लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, आणि आतली घड्याळाची सेलही खाऱ्या हवेने की वयाने, संपलेली. लाइट गेली की यंत्र बंद, आणि परत सुरू केलं की तारीख २००९. टारमधून निघालेल्या फाइलींच्या तारखा मूळच्या, म्हणजे अलीकडच्या. 'मेक' बघतो की कॉन्फिगरने बनवलेली फाइल कॉन्फिगरपेक्षाच जुनी आहे, आणि प्रत्येक वेळी कॉन्फिगर पुन्हा चालवतो. तेव्हा पर्याय घेतो ते मेकफाइलमधले. आज्ञेबरोबर हाताने दिलेली माळ त्याला ठाऊकच नसते. एका वर्षी मी तीनदा एक्सशिवाय विम मागितला आणि तीनदा एक्ससकट मिळाला.

म्हणून लाइट आली की आधी 'डेट' चालवून बघा. चुकलेली असेल तर रूट होऊन डेटपुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं असे दोन-दोन आकडे सलग द्या, मगच मेक.

दुसरी भानगड अर्धवट फाइलींची. यूएफएस या फ्रीबीएसडीच्या फाइल सिस्टिमवर शेवटच्या अर्ध्या मिनिटात लिहिलेलं डिस्कवर पोचलेलं असेलच असं नाही. एसआरसीच्या आत 'ऑब्जेक्ट्स' डिरेक्टरीत एखादी फाइल रिकामी किंवा तुटकी राहते. मेक तिची तारीख बघून ती झाली असं धरतो आणि शेवटी तुकडे जोडणारा लिंकर रडतो. 'एलएस'ला एल आणि टी हे पर्याय देऊन सगळ्यात नव्या चार-पाच फाइली बघा आणि उडवा, तेवढ्याच पुन्हा होतील. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पर्याय बदललेत तर मात्र 'मेक रीकॉन्फिग' द्या, कारण आधीच्या चाचण्यांची उत्तरं कॅशमध्ये बसलेली असतात.

आई माजघरातून हाक देते, "लाइट इली रे, काय तां करून घे." मग 'मेक', आणि पाठोपाठ 'मेक इन्स्टॉल'. 'मेक टेस्ट' लांबलचक आहे. मी तो रात्री लावतो, तेव्हा आमच्याकडे लाइट जरा बरी टिकते.

झाल्यावर विमला 'डॅश-डॅश-व्हर्जन' विचारा. 'एक्स-इलेव्हन'च्या आधी वजा हवा आणि कंपाइल्ड-बायच्या ओळीत तुमचं गाव. गाव दिसलं नाही, तर बहुधा दुसराच विम चालतोय. फ्रीबीएसडीच्या मूळ सेटिंगमध्ये पाथच्या, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांच्या, यादीत आपल्या घरची 'बिन' सगळ्यात शेवटी असते, त्यामुळे पॅकेजचा विम आधी बसवलेला असेल तर तोच पुढे येतो. घरची बिन यादीत पहिली आणा आणि पुन्हा लॉगिन करा.