हॅण्डल उलटे मारते तेव्हा: जुन्या मोटारींच्या हॅण्डलची सुरक्षा यंत्रणा कशी तपासावी आणि कशी वापरावी

इंजिन हाताने फिरवून सुरू करण्याचे, रेडिएटरच्या खालून बाहेर डोकावणारे हॅण्डल एकदा काढून हातात घ्यावे आणि त्याचे आतले टोक उजेडात नीट पाहावे. त्यावर दोन किंवा अधिक दाते कापलेले असतात आणि प्रत्येक दात्याची एक बाजू सरळ उभी, तर दुसरी उतरती असते. आपण हॅण्डल फिरवतो तेव्हा दात्याची सरळ बाजू क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकावरील खिळीला रेटते. इंजिन सुरू होऊन हाताच्या पुढे धावू लागले की तीच खीळ पुढच्या दात्याच्या उतारावर चढते आणि हॅण्डलला बाहेर ढकलून देते. ही सर्वांत जुनी सुरक्षा यंत्रणा होय आणि पुष्कळ गाड्यांवर ती एकटीच असते. मात्र ती एकाच दिशेने सोडते. इंजिन उलटे फिरले, तर खीळ त्याच सरळ बाजूवर दाबली जाते, पकड सुटण्याऐवजी घट्ट होते आणि इंजिनाचा सगळा जोर हॅण्डलमार्फत हातावर येतो. हॅण्डलसाठी पुढे जी जी उपकरणे निघाली, त्यांतील बहुतेक ही एक उणीव भरून काढण्यासाठीच निघाली, आणि प्रत्येक उपकरण तपासताना प्रश्नही हाच विचारायचा असतो: इंजिन उलटे फिरले, तर हे हॅण्डल सुटेल का, आणि सुटण्यापूर्वी किती अंतर मागे येईल?

इंजिन उलटे का फिरते, हे समजल्याशिवाय पुढचे उपाय कळणार नाहीत. पिस्टन वर चढून मिश्रण दाबत असताना ठिणगी पडते. इंजिन वेगात असेल तेव्हा मिश्रण पूर्ण पेटेपर्यंत क्रँकशाफ्ट बराच पुढे गेलेला असतो, म्हणून ठिणगी थोडी आगाऊ पाडावी लागते. हाताने फिरवताना वेग अगदी कमी असतो. तेव्हा तीच आगाऊ ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच मिश्रण पेटवून मोकळी होते आणि पिस्टनला आल्या वाटेने परत ढकलते. म्हणूनच त्या काळच्या गाड्यांना ठिणगीची वेळ हाताने बदलण्यासाठी एक दांडी दिलेली असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या खांबाला डाव्या हाताला टायमिंगची आणि उजव्या हाताला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी, दांडी असते. डावी दांडी पूर्ण वर केली की ठिणगी उशिरा पडते. हॅण्डलला हात लावण्यापूर्वी ती वरच असली पाहिजे.

दांडी वर आहे एवढे पाहून थांबू नये, कारण दांडी जागेवर असली म्हणून ठिणगीही वेळेवर पडेलच असे नाही. मधल्या सळ्यांचे सांधे शंभर वर्षांत झिजलेले असतात, एखादी सळई कोणी तरी वाकवून बसवलेली असते, आणि मग वरची दांडी पूर्ण मागे असूनही खालचा टायमर (ठिणगीची वेळ ठरवणारा फिरता संपर्क) अर्धाच मागे येतो. एकाने दांडी वरखाली करावी व दुसऱ्याने इंजिनाजवळ वाकून टायमर टोकापासून टोकापर्यंत फिरतो की नाही ते डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर प्लग काढून, पहिला पिस्टन माथ्यावर आणून, दांडी पूर्ण उशिराच्या टोकाला ठेवून, ठिणगी पिस्टन माथा ओलांडल्यावरच पडते याची खात्री करावी. मॉडेल टीसारख्या कंप पावणाऱ्या कॉइलच्या (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) गाडीत हे सोपे जाते, कारण टायमरचा संपर्क जुळला की कॉइल गुणगुणू लागते. हॅण्डल सावकाश फिरवत न्यावे आणि गुणगुण कोठे सुरू होते ते ऐकावे. प्लग काढलेले असल्याने झटक्याची भीती नसते. मात्र ही तपासणी पेट्रोलच्या वासापासून दूर, हवेशीर जागी करावी, कारण मोकळ्या प्लगच्या टोकाशी पडणारी ठिणगीही आग लावू शकते.

मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज इंजिनाच्या फिरण्यातूनच तयार करणाऱ्या यंत्राच्या) गाडीत आणखी एक धोका दडलेला असतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक हाच करतो. बॅटरीच्या कॉइलला स्विच बंद केल्यावर वीज मिळणे थांबते; मॅग्नेटोचे तसे नसते. तो स्वतःच वीज तयार करतो आणि त्याचा स्विच ‘बंद’ करणे म्हणजे ती वीज एका तारेवाटे गाडीच्या धातूच्या सांगाड्यात उतरवणे. ती तार तुटली किंवा तिचा सांधा सैल झाला, तर स्विच बंद दिसत असतानाही मॅग्नेटो जिवंत राहतो. वरून धड दिसणाऱ्या कापडी आवरणाच्या आत तार तुटलेली मी स्वतः पाहिली आहे. आवरण बोटांत धरून वाकवले तेव्हाच आतली पोकळी लागली. यासाठी गाडी शेवटची बंद करताना एक सवय लावून घ्यावी: इंजिन मंद चालू असताना स्विच बंद करावा आणि ते तत्काळ थांबते का ते पाहावे. थांबले नाही, तर दुसऱ्या दिवशी हॅण्डलला हात लावण्यापूर्वी ती तार दुरुस्त झालीच पाहिजे. स्विच बंद असला तरीही तापलेल्या इंजिनात लाल झालेला कार्बन मिश्रण पेटवू शकतो, म्हणून गरम इंजिन फिरवतानाही पकड व उभे राहणे प्रत्यक्ष सुरू करताना जसे असते तसेच असावे.

आता प्रत्यक्ष उपकरणांकडे वळू. ती अनेक नमुन्यांची निघाली, परंतु त्यांचे काम करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. सर्वांत साध्या प्रकारात हॅण्डल आत ढकलल्याबरोबर एक सळई टायमिंगची दांडी ओढून उशिराच्या टोकाला नेते, किंवा दांडी मागे आणल्याशिवाय हॅण्डल आत जाऊच देत नाही. विसरभोळेपणावर हा उत्तम उपाय आहे, पण टायमिंगच चुकीचे बसवले असेल, तर हे उपकरण काहीच करू शकत नाही.

दुसरा मार्ग उलट फिरण्यालाच अडवण्याचा आहे. यात गाडीच्या चौकटीला पक्के केलेले एक दातेरी कडे असते आणि हॅण्डलच्या शाफ्टवर स्प्रिंगने दाबलेली एक खिट्टी असते. सरळ फिरवताना खिट्टी कड्यावरून टकटक करत घसरते. उलट फिरताच ती दात्यात अडकते, हॅण्डल तेथेच थांबते आणि आतली यंत्रणा इंजिनाची पकड सोडवते. येथे कड्याचे दाते मोजावेत. हॅण्डलची भुजा वीस सेंटीमीटर असेल आणि कड्याला १२ दाते असतील, तर दोन दात्यांमध्ये ३० अंशांचे अंतर पडते, म्हणजे खिट्टी अडकण्यापूर्वी मूठ दहा सेंटीमीटरहून थोडी अधिक मागे येऊ शकते. दाते ३६ असतील, तर तेच अंतर साडेतीन सेंटीमीटरांवर येते. दहा सेंटीमीटरांत मनगटाला बसायचा तो मार बसून जातो. म्हणून बारीक दात्यांचे कडे चांगले, अर्थात ते स्वच्छ असेल तर. जुने ग्रीस घट्ट होऊन दात्यांच्या खाचा भरल्या की खिट्टी अडकण्याऐवजी वरून घसरते. केरोसीनने कडे धुवावे, खिट्टीची स्प्रिंग बोटाने दाबून सोडावी, आणि ती चट्कन परत येत नसेल तर बदलावी. येथे जाड ग्रीस भरू नये. पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

या उपकरणाची परीक्षा हातात हॅण्डल धरून मुळीच घेऊ नये. सर्व प्लग काढावेत, प्रज्वलन (ठिणगीची वीज) बंद करावे, गाडी सपाट जागी वरच्या गिअरमध्ये ठेवावी आणि हॅण्डल दात्यांत गुंतवावे. हॅण्डलच्या बैठकीवर आणि शाफ्टवर खडूने एकच सरळ रेघ ओढावी, दोन्ही माणसांनी हॅण्डलच्या फेऱ्यापासून दूर व्हावे आणि गाडी हळूच मागे ढकलावी. वरच्या गिअरमध्ये मागे सरकणारी गाडी इंजिन उलटे फिरवते. खडूच्या रेघा थोड्या सरकून हॅण्डल थांबले आणि इंजिन मात्र पुढेही फिरत राहिले, तर यंत्रणा शाबूत आहे. हॅण्डल इंजिनाबरोबर फिरतच राहिले, तर ती नुसती शोभेला आहे असे समजावे. रेघांमधले अंतर मोजून लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी ते वाढले की झीज कळते.

तिसरा मार्ग मॅग्नेटोवरील झटका-जोडणीचा. हीत मॅग्नेटोचा फिरता भाग एका स्प्रिंगमागे अडवून धरलेला असतो. पिस्टन माथ्याशी आला की अडसर सुटतो, स्प्रिंग त्या भागाला झर्रकन फिरवते आणि त्यामुळे ठिणगी उशिरा व शिवाय जोरकस पडते. वेग वाढला की वजने केंद्रापासून दूर फेकली जाऊन अडसर आपोआप मागे राहतो. ट्रॅक्टरांवर आणि विमानांच्या इंजिनांवर ही जोडणी फार काळ टिकली. सावकाश फिरवताना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर ठिणगी नेहमीच्या आगाऊ वेळी पडेल असे धरून चालावे. मोठ्या इंजिनांवर कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रणावर येणारा दाब) कमी करणाऱ्या तोट्या किंवा व्हॉल्व किंचित उघडे ठेवणारी कॅमची सोयही असे. तिच्यामुळे फिरवण्याचे कष्ट वाचतात आणि झटक्याचा जोरही कमी होतो, इतकेच.

दात्यांच्या झिजेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही. नव्या दात्याची सरळ बाजू कडेपर्यंत धारदार असते. झिजलेल्या दात्याची कड गोल होऊन चकाकू लागते. असा दाता नेमका कॉम्प्रेशनच्या जोराखाली खिळीवरून निसटतो आणि सगळे वजन हॅण्डलवर टाकलेला माणूस रेडिएटरवर आदळतो. हॅण्डल बाहेर ढकलणारी स्प्रिंग आणि ज्यात ते फिरते तो बुश हेही पाहावेत. बुश सैल झाला की हॅण्डल खाली झुकते, अडकून राहते, आणि इंजिन सुरू झाल्यावरही बाहेर येत नाही.

हे सारे झाल्यावर गाडी सुरू करण्याची वेळ. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकांना पुढून लाकडी पाचर लावलेली असावी. मॉडेल टीमध्ये हँडब्रेकची दांडी मागे ओढल्यावरच न्यूट्रल मिळते, आणि थंडीत तेल घट्ट असले की क्लचच्या तबकड्या चिकटून गाडी सुरू होताच पुढे सरकते. समोर उभा माणूस तर नेमका तिच्या वाटेत असतो. पाचरीचा कंटाळा करू नये. पायांखालची जमीन कोरडी असावी, बाही सैल नसावी, गळ्यात काही लोंबत नसावे. आसनावर कोणी बसले असेल, तर त्याने सांगितल्याशिवाय कोणत्याही दांडीला हात लावायचा नाही, हे आधीच बजावून ठेवावे.

टायमिंग उशिरा, थ्रॉटल किंचित उघडे, प्रज्वलन बंद, चोक (हवा कमी करून पेट्रोल जास्त ओढू देणारी झडप) ओढलेला, अशा स्थितीत दोन-तीन अर्ध्या फेऱ्या सावकाश द्याव्यात, म्हणजे सिलिंडरांत मिश्रण भरते. मग चोक सोडावा, प्रज्वलन चालू करावे आणि परत येऊन टायमिंगची दांडी आणखी एकदा पाहावी. गाडीकडे तोंड करून उभे राहिल्यास बहुतेक हॅण्डले घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. समोर मोठी तबकडी आहे असे समजून मूठ साताच्या अंकाजवळ आणावी, हॅण्डल आत दाबून दाते गुंतवावेत आणि डाव्या हाताने साताकडून बाराकडे एकच जोरदार ओढ द्यावी. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक कॉम्प्रेशन येते, त्यामुळे गरगर फिरवत राहण्याची गरज नसते. अंगठा मुठीभोवती वळवू नये. तो बोटांच्याच बाजूला, तर्जनीला लागून ठेवावा. बोटे आकड्यासारखी खालून अडकवलेली असली की उलटे येणारे हॅण्डल ती सरळ करून निसटून जाते. याउलट बाराकडून पाचाकडे खाली दाबत असताना झटका आला, तर हॅण्डल तळहातावर खालून आदळते आणि कोपरापर्यंत ताठ असलेला हात सगळा मार मनगटावर घेतो. उजवा हात वापरला, तर उलट फिरणाऱ्या भुजेच्या फेऱ्यातच तो हात येतो. म्हणून डावखुरे नसलेल्यांनीही डाव्या हाताची सवय करावी.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच आसनाकडे जाऊन टायमिंग हळूहळू आगाऊ करावे. हॅण्डल बाहेर आले नसेल, तर ते पकडण्याचा प्रयत्न करू नये. आधी आसनाजवळून प्रज्वलन बंद करावे.

चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. १९०८ पासून बनत असलेली मॉडेल टी मात्र कारखान्यातून स्टार्टरसह मिळू लागली ती १९१९ मध्ये. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते, त्या दुखापतीला डॉक्टर अजूनही शोफर (मोटारचालक) फ्रॅक्चर म्हणतात. हॅण्डलने एकदा उलटा मार दिला, तर त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये: प्रज्वलन बंद करावे, प्लग काढावेत आणि टायमिंगची तपासणी पहिल्यापासून करावी. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर सूज नसली तरी एक्स-रे काढून घ्यावा, आणि तोपर्यंत त्या हाताने जड काही उचलू नये.