पायाभरणीसाठी चांदीची थापी घडवून घेताना

मागच्या उन्हाळ्यात साक्री तालुक्यातला एक तरुण माझ्या चांदीकामाच्या दुकानात आला. रुमालात गुंडाळलेली वस्तू पुढे ठेवून म्हणाला, "भाऊ, हाई थापी आमना आबानी शे." गावच्या बंधाऱ्याच्या पायाभरणीची ती थापी. घरच्यांनी दर दिवाळीला टूथपेस्टने घासून अक्षरं पार झिजवली होती. भिंग लावून मला "शुभहस्ते" एवढंच वाचता आलं. कुणाच्या, ते गेलं होतं. तेव्हापासून थापी घडवायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी बसवून घेतो.

कुदळीचा हट्ट धरू नका. चांदी मऊ असते. काळ्या मातीखाली मुरूम लागला की चांदीची कुदळ वाकलीच. थापीला नुसता सिमेंटचा माल उचलून दगडावर पसरायचा असतो. 925 ची चांदी सांगा, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. त्या तांब्यानेच पत्र्याला ताठपणा येतो. पान 15 सेंमी लांब, 9 सेंमी रुंद आणि 1.2 मिमी जाड ठेवलं तर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. दांडी पानाला झाळलेली असते आणि सगळा जोर त्या सांध्यावर येतो, तिथे काटकसर नको. मूठ सागवानी चालेल, पण ती बसवण्याआधी चांदीचं वजन करून पावतीवर लिहून घ्या.

आता कोरणं. यासाठी माझ्याशी भांडलात तरी चालेल, पण मी सांगणारच. पुढच्या बाजूला पाहुण्यांचं नाव येऊ द्या. त्याबरोबर गाव, तालुका, नाल्याचं नाव आणि पूर्ण तारीख हवी. नुसतं "अक्षय्य तृतीया" लिहिलं तर नातवंडांना साल कळत नाही. मागची बाजू मात्र गवंड्यासाठी राखा. पांझरा नदीवरचे फडाचे, म्हणजे शेतांच्या गटांना पाळीपाळीने पाणी देणारे, बंधारे कित्येक पिढ्या पाणी देत आलेत. अभियंते विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीलाच त्यांनी आजच्या धुळे जिल्ह्यात पाइपचा सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारी नळी, बांधला, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. पण चुना मळणाऱ्यांची, दगड बसवणाऱ्यांची नावं मला कधी कुणाच्या तोंडून ऐकायला मिळाली नाहीत. गवंड्याच्या नावाला जागा लागते दोन ओळींची. अक्षरं हातानं, कलमानं खोल कोरून घ्या. मशीनची वरवरची रेघ लवकर झिजते.

कार्यक्रमात पाहुण्यांनी माल लावला की थापी लगेच साध्या पाण्यात धुवा. सिमेंट अक्षरांत वाळलं तर टोकरून काढावं लागतं, आणि टोकरलं की ओरखडा आलाच.

पुढे ती काळी पडेल. हवेतल्या गंधकानं चांदीवर काळा थर धरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून हलकेच पुसा, मूठ भिजू देऊ नका. अक्षरांतला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच ती लांबून वाचता येतात. टूथपेस्ट, राख, घासणी नको. सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाचा उपायही नको, तो अक्षरांतला काळेपणा काढून टाकतो. रबरबँड लावलात तर त्याचा काळा वळ उमटतो. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि ठेवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून एक प्रत गवंड्याच्या घरी द्या.