वाइनची जुनी सिल्व्हर प्लेट भांडी: या चुका टाळा

चोर बाजारातून किंवा आजेसासऱ्यांच्या कपाटातून बाटलीखालचं कोस्टर, नरसाळं, क्लॅरेट जग (वाइन वाढायचा जग) असं काही हाती आलं की लोक त्याच संध्याकाळी ते घासायला बसतात. आधी ते काय आहे ते ओळखा. १७४३ च्या सुमारास शेफिल्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव केला. अशा पत्र्याची भांडी म्हणजे ओल्ड शेफिल्ड प्लेट. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि जुनी रीत मागे पडली. ‘ईपीएनएस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) असा शिक्का असेल तर आत आपलं जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त वरच्या थरात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्ड शेफिल्डला नवा मुलामा देणं. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे कोस्टरचा जोड होता. कडांवर वापरून वापरून तांबं गुलाबीसर डोकावत होतं, तळाला खराद केलेलं लाकूड आणि त्याखाली हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. मी म्हटलं होतं, हात लावू नका. पण घरात लग्न होतं, मुलाला चकचकीत हवं होतं, म्हणून जोड मुलामावाल्याकडे गेला. परत आला तो पांढराफटक. लाकूड उपसून परत डकवलेलं, बनात गायब, काठावरची द्राक्षाची वेल बफ मारून सपाट झालेली. जुन्या कोस्टरवर फुंकर घातली की घराण्याचं चिन्ह कोरायला बसवलेल्या शुद्ध चांदीच्या तुकड्याची कड दिसायची. ती कायमची झाकली गेली. काकूंना मी काय सांगणार होते? डोकावणारं तांबं हा दोष नाही, ते भांड्याचं वय आहे. मला तरी ते सुंदर दिसतं. ईपीएनएस पार उघडं पडलं असेल तर मुलामा खुशाल द्या.

दुसरी चूक घासण्याची. टूथपेस्ट, रांगोळी, तांब्या-पितळेची पावडर यांतलं काहीही नको. काळेपणा म्हणजे चांदीचाच गंधकाशी झालेला संयोग, त्यामुळे घासाल तेवढी चांदी जाते. मी कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा एवढंच वापरते, आणि लगेच कोरडं पुसते. पॉलिश लावते वर्षातून एकदा, तेही सिल्व्हरचंच. नक्षीच्या खाचांतला काळा रंग मुद्दाम ठेवते. तो गेला की वेल दिसेनाशी होते. म्हणूनच गरम पाणी, सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलची युक्ती मला मान्य नाही. दोन मिनिटांत खाचाही पांढऱ्या होतात, आणि ज्यांना दोन मिनिटांचीच सवड आहे त्यांनी जुनं घेऊच नये.

कोस्टर पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं. डिशवॉशर तर विसराच. रबरबँड लावून ठेवू नका. रबरात गंधक असतं, त्याचा काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, धुतलेलं सुती कापड घ्या.

आणि पाहुणे गेल्यावर जगमध्ये उरलेली वाइन रात्रभर ठेवू नका. ती आंबट असते, आतलं तांबं उघडं असेल तर तिथे हिरवं धरतं. मी कितीही उशीर झाला तरी जग विसळते, नरसाळ्याच्या वाकड्या तोंडातून पाणी सोडते आणि दोन्ही पालथी घालून मगच दिवा मालवते.