ग्रोथ फॅक्टर किती घालायचा? रक्ताच्या स्टेम सेल वाढवायला शिकणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये नव्यानं येणारे विद्यार्थी मला हमखास विचारतात, "ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) किती घालायचा?" मी आधी उलट विचारते: भरपूर पेशी हव्यात, की स्टेम सेलच राहिलेल्या पेशी?

दोन्हींना लागणारी मात्रा एक नसते. व्हँकुव्हरच्या कॉनी ईव्ह्ज यांच्या गटानं हे १९९७ साली दाखवलं. मानवी अस्थिमज्जेतल्या पेशी त्यांनी १० दिवस वाढवल्या. कॉलनी बनवणाऱ्या, थोड्या पुढच्या टप्प्यावरच्या पेशी कमी मात्रेतही २८० पट झाल्या, म्हणजे जवळजवळ कमाल. दीर्घकालीन कल्चरच्या (पेशी बशीत वाढवण्याच्या) चाचणीत उतरणाऱ्या आदिम, म्हणजे स्टेम सेलच्या जवळच्या पेशी ६० पट व्हायला मात्र त्याच घटकांची मात्रा ३० पट लागली. कमी मात्रेतही सुरुवातीच्या तितक्याच पेशी विभागल्या होत्या, पण त्यांतून आदिम पेशी कमी निपजल्या. मला हा निष्कर्ष आजही थक्क करतो.

म्हणून सगळंच वाढवून घालायचं का? नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं उंदरांच्या पेशी महिनाभर वाढवून शेकडो पट केल्या, तेव्हा टीपीओ (थ्रोम्बोपोएटिन) हा ग्रोथ फॅक्टर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम होता आणि एससीएफ (स्टेम सेल फॅक्टर) हा दुसरा फक्त १०. मीडियात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, नेहमीच्या अल्ब्युमिन या प्रथिनाऐवजी त्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे कृत्रिम पॉलिमर वापरलं. हीच कृती मानवी पेशींवर जशीच्या तशी चालत नाही.

दुसरं, पहिल्या दिवशी घातलेला आकडा टिकत नाही. एससीएफ पेशीवरच्या त्याच्या रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की पेशी दोन्ही आत ओढून घेते. पेशी दाट झाल्या की घटक लवकर संपतो, आणि परिपक्व पेशी टीजीएफ-बीटासारखे वाढ रोखणारे घटक सोडत राहतात. त्यामुळे मीडिया कधी बदलला आणि तेव्हा दर मिलिलिटरला किती पेशी होत्या, हे मात्रेइतक्याच काळजीनं वहीत लिहा.

घटक छोट्या भागांत गोठवा, पुन्हापुन्हा वितळवू नका. घटक कोणत्या प्राण्याचा आहे तेही पाहा: मानवी एससीएफ उंदराच्या पेशींवर फारच कमी चालतो.

शेवटी पेशी मोजून किंवा सीडी३४ (आदिम पेशी ओळखायला वापरतात तो पेशीवरचा मार्कर, म्हणजे खूण) पाहून थांबू नका. कल्चरमध्ये मार्कर फसवू शकतात. मात्रा ठरवण्याच्या प्रयोगात निदान कॉलनी-चाचणी ठेवाच. पण खऱ्या स्टेम सेल टिकल्या का, हे प्रत्यारोपणानंतर उंदरात महिनोन्‌महिने रक्त बनतंय का यावरूनच कळतं, तेव्हा ते उंदीर वापरण्याची मंजुरी प्रयोगाच्या आधीच मागून ठेवा.