महिनाभर खर्च बंद ठेवायचा तर
आधी हे ठरवा की काय थांबणारच नाही, म्हणजे घरभाडं, लाइट बिल, कर्जाचा हप्ता, औषधं, गरजेपुरता किराणा, कामावर जायचा खर्च. हे कागदावर लिहा, बाकी सगळं बंद, आणि मधेच यादी वाढवायची नाही. औषधात मात्र काटकसर अजिबात नको.

मग फोन हातात घ्या, खरी गळती तिथंच असते. शॉपिंग अ‍ॅपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा, ऑटो-पे वरची सबस्क्रिप्शन एकेक करून बघा, कारण फ्री ट्रायल संपली की पैसे आपोआप कटतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. कार्ड नंबर दर वेळी हाताने टाकायला लागला ना की माणूस बऱ्याचदा कंटाळून सोडून देतो.

किराणा आधीच भरून ठेवू नका, त्याने खर्च फक्त आदल्या महिन्यात सरकतो. डबे उघडून बघा, मागे राहिलेलं आधी संपवा.

काही घ्यावंसं वाटलं तर तारीख टाकून लिहून ठेवा, 30 दिवसांनी बघा. मित्रांना आधीच सांगा, हॉटेलऐवजी फिरायला भेटू म्हणा.

वाचलेले पैसे लगेच वेगळ्या खात्यात टाका, क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर आधी ती भरा.