आर्थिक आणि व्यावसायिक सेवा देणाऱ्या फर्मने कोणत्या संघटनांचं सभासद व्हावं, आणि कसं?

हिशेब, कर, ऑडिट, गुंतवणूक सल्ला, पगारपत्रकं, कंपनी नोंदणी अशी कामं करणाऱ्या फर्मच्या वेबसाइटवर तळाशी पाच-सहा संघटनांची बोधचिन्हं ओळीने लावलेली दिसतात. त्यातल्या एकेका चिन्हावर बोट ठेवून फर्मच्या भागीदाराला विचारा, 'आपण इथे सभासद आहोत म्हणजे नेमकं काय?' बहुतेकदा एक-दोन चिन्हांपलीकडे धड उत्तर येत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न निघाला, तेव्हा दोन सभासदत्वं काम सोडून गेलेल्या सहकाऱ्यांच्या वैयक्तिक नावावर निघाली. वर्गणी फर्म भरत होती, चिन्हही आम्ही लावत होतो. जो हक्क आमच्याकडे नव्हताच, तो आम्ही ग्राहकांना दाखवत होतो. हेतू वाईट नव्हता, पण ज्या ग्राहकाने ते चिन्ह पाहून विश्वास टाकला असेल, त्याला हेतूशी काय देणंघेणं? त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे पायरीपायरीने देतो आहे.

पायरी १ : आधी घरातली यादी करा

नवीन संघटना शोधण्याआधी आज कुठेकुठे वर्गणी जाते ते बँकेच्या उताऱ्यावरून काढा. आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक संघटनेपुढे पाच गोष्टी लिहा : सभासद कोण आहे (व्यक्ती की फर्म), नूतनीकरणाची तारीख, वर्षाची वर्गणी, सभासदाने करायचं सक्तीचं प्रशिक्षण, आणि गेल्या वर्षभरात फर्ममधून तिथे प्रत्यक्ष कोण गेलं.

सर्वांत जास्त गोंधळ पहिल्या रकान्यात होतो. या क्षेत्रातल्या बऱ्याच नामवंत संस्था फक्त व्यक्तींना सभासद करतात. सीएफए इन्स्टिट्यूट त्यातलीच एक. तिची चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट (सीएफए) ही गुंतवणूक विश्लेषकांची सनद मिळते ती परीक्षा आणि अनुभवाच्या अटी पूर्ण करणाऱ्या माणसाला, त्याच्या मालकाला नाही. त्यामुळे 'आमच्या दोन विश्लेषकांकडे सीएफए सनद आहे' हे म्हणता येतं, 'आमची फर्म सीएफए आहे' हे म्हणता येत नाही. तो माणूस गेला की ते वाक्यही जातं.

पायरी २ : परवाना आणि सभासदत्व वेगळं करा

काही सभासदत्वांवाचून कामच करता येत नाही, काही ऐच्छिक असतात. कुठली कोणत्या खान्यात बसते हे देशागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्या देशातल्या फर्मची नक्कल करण्यात अर्थ नाही. अमेरिकेत सीपीएचा (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, म्हणजे तिथल्या परवानाधारक लेखापालाचा) परवाना राज्याचं लेखा मंडळ देतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ सीपीएज ही जुनी आणि वजनदार संघटना असली, तरी तिचं सभासद होणं ऐच्छिक आहे. भारतात इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. तिथे सभासद झाल्याशिवाय चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घेता येत नाही, आणि स्वतंत्र व्यवसाय करायचा तर तिचं प्रॅक्टिसचं प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या रोखे दलाल कंपन्यांसाठी 'फिनरा' ही २००७ साली आकाराला आलेली स्वयंनियामक संस्था आहे. तिथे सभासद ही फर्म असते, आणि जनतेशी रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या बहुतेक दलाल कंपन्यांना ते सभासदत्व टाळता येत नाही.

यादीतल्या सक्तीच्या नावांपुढे खूण करा आणि ती बाजूला ठेवा. त्यांच्याबाबत निवडीचा प्रश्नच नाही, फक्त तारीख चुकवायची नाही. पुढचं सगळं ऐच्छिक सभासदत्वांबद्दल आहे.

पायरी ३ : 'माझी तक्रार कुठे करता येईल?'

संघटना निवडताना लोक वर्गणी, कार्यक्रम, ओळखी, बोधचिन्ह हे सगळं पाहतात. माझ्या मते आधी पाहायची गोष्ट वेगळीच आहे. नाराज ग्राहक या संघटनेकडे तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकतो का? केली तर पुढे काय होतं?

या व्यवसायाचा पायाच तिथे आहे. १८५४ साली एडिंबरामधल्या लेखापालांच्या संस्थेला राजसनद मिळाली, त्यातून 'चार्टर्ड' हा शब्द या पेशाला चिकटला. १८८० मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेला अशीच सनद मिळाली. परक्या माणसाच्या हाती आपले पैसे आणि हिशेब देताना लोकांना हवं होतं की चुकलं तर जाब विचारणारं कुणीतरी असावं. आजच्या ग्राहकालाही तेच हवं असतं. ज्या संघटनेची वर्गणी भरली की कुणीही सभासद होतो आणि कधीच कुणी काढलं जात नाही, तिचं चिन्ह ग्राहकाला काहीच सांगत नाही.

म्हणून संघटनेची नियमावली मागवा. माहितीपत्रक नव्हे, नियमावली. त्यात आचारसंहिता आहे का, ती पाळण्याचं बंधन प्रत्येक सभासदावर आहे का, तक्रार कोण ऐकतं, ऐकणाऱ्यांत बाहेरची माणसं आहेत का, निर्णय जाहीर होतात का, आणि चौकशी चालू असताना राजीनामा देऊन सुटता येतं का, हे शोधा. कडक संस्थांमध्ये असा राजीनामा चौकशी संपेपर्यंत स्वीकारत नाहीत. ही कलमं वाचताना अंगावर काटा आला, तर ती संघटना बहुधा खरी आहे.

मग स्वतःलाही विचारा की या आचारसंहितेवर आपण आज उतरतो का. ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणं, हितसंबंधांचा संघर्ष लेखी कळवणं, शिफारशीसाठी मिळालेलं कमिशन उघड करणं यांपैकी एखादं कलम आज जड जात असेल, तर आधी घर सावरा आणि मग अर्ज करा.

पायरी ४ : कामाप्रमाणे निवडा

फर्मच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्या कामातून येतो, त्या कामाची संघटना पहिली. अंतर्गत लेखापरीक्षण करत असाल तर १९४१ पासूनची इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स. माहिती यंत्रणांचं ऑडिट असेल तर १९६९ साली सुरू झालेली, आज इसाका म्हणून ओळखली जाणारी संस्था. आर्थिक गैरव्यवहारांचा तपास हे काम असेल तर १९८८ मध्ये स्थापन झालेली असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स. कुटुंबांचं आर्थिक नियोजन करणाऱ्यांसाठी सीएफपी (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) या पदवीभोवती उभ्या राहिलेल्या संस्था. या सगळ्यांचा भर व्यक्तीवर आहे, तेव्हा फर्ममधल्या योग्य माणसाला तिथे पाठवायचं, आणि त्याचा खर्च उचलताना तो नोकरी सोडून गेला तर काय हे आधीच लेखी ठरवायचं.

दुसरी संघटना मात्र मी आपल्या पेशातली निवडत नाही, ग्राहकांच्या धंद्यातली निवडतो. तुमचे ग्राहक बांधकाम व्यावसायिक, मालवाहतूकदार किंवा औषध विक्रेते असतील, तर त्यांच्या संघटनेत सहयोगी सभासद म्हणून जागा आहे का ते विचारा. पुष्कळ व्यापारी संघटनांत अशी सोय असते, मतदानाचा हक्क मात्र नसतो. तिथे आपण बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त. कोणत्या नियमामुळे त्यांचे पैसे अडकतात, माल कुठे पडून राहतो, उधारी किती दिवसांची चालते हे तिथे महिन्याभरात कळतं. आपल्याच पेशाच्या दहा परिषदांना जाऊनही ते कळत नाही.

सर्वसाधारण चेंबर ऑफ कॉमर्स ही तिसरी शक्यता. नव्या शहरात पाय रोवायचे असतील तर उपयोगी, एरवी घाई नाही.

पायरी ५ : वर्गणीपेक्षा तास मोजा

अर्ज करण्याआधी दोन बैठकांना पाहुणे म्हणून जाऊन या. संघटना खरी कशी आहे, हे खुर्च्यांवर बसलेल्या माणसांवरून समजतं. तिथे नवख्यांशी कुणी बोलतं का? चर्चा कामाची होते की सत्कारांतच वेळ जातो?

मग हिशेब मांडा. एसीसीए (असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स) ही १९०४ मध्ये सुरू झालेली लेखापालांची संस्था. तिच्या नेहमीच्या पद्धतीने सभासदाला वर्षाला ४० युनिट इतकं प्रशिक्षण करावं लागतं, त्यातले २१ पुराव्यासह दाखवता यावे लागतात, आणि एक युनिट म्हणजे साधारण एक तास. म्हणजे दर माणसामागे कामाचा जवळजवळ एक आठवडा. पाच जण सभासद असतील तर पाच आठवडे. हा वेळ वाया जात नाही, पण तो कामाच्या ऐन हंगामात अंगावर येऊ नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून घ्यावा. एकच प्रशिक्षण दोन संस्थांकडे धरलं जातं का, हे दोघांनाही लेखी विचारून घ्या.

वर्गणीवर करसवलत मिळते का, तेही पाहून घ्या. अमेरिकेत संघटना वर्गणीतला जो भाग कायदेमंडळावर प्रभाव टाकण्यासाठी खर्च करते, त्याची वजावट मिळत नाही. दुसऱ्यांना कर समजावणाऱ्या फर्मने स्वतःच्या पुस्तकात अशी चूक करणं शोभत नाही.

पायरी ६ : अर्ज

इथे फारसं अवघड काही नाही. नोंदणीचे कागद, भागीदारांची यादी, व्यावसायिक उत्तरदायित्व विम्याची प्रत, आणि काही ठिकाणी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. पूर्वीच्या तक्रारी किंवा कारवाईबद्दल रकाना असेल तर सगळं खरं लिहा. जुनी तक्रार सांगितल्याने अर्ज थोडा रेंगाळेल. लपवलेली तक्रार नंतर उघडी पडली, तर मूळ तक्रारीपेक्षा लपवणं महागात पडतं.

संपर्कासाठी एखाद्याचा वैयक्तिक ईमेल देऊ नका, फर्मचा पत्ता द्या आणि दोन नावं द्या.

पायरी ७ : चिन्ह लावण्याआधी

बोधचिन्ह वापरण्याचे नियम बहुतेक संस्था लिहून देतात. आकार-रंगांपेक्षा त्यातली भाषा महत्त्वाची. 'सभासद', 'मान्यताप्राप्त', 'प्रमाणित', 'नियंत्रित' हे चार वेगळे शब्द आहेत. पहिल्याच्या जागी चौथा लिहिला तर ग्राहकाची दिशाभूल होते.

ऑडिट करणाऱ्या फर्मनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. स्वतंत्र फर्मच्या आंतरराष्ट्रीय मंडळात सामील झालात, तर ते 'नेटवर्क' ठरतं का, हे लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेच्या कसोट्यांवर तपासा. नफा किंवा खर्चाची वाटणी, एकच नाव, एकच व्यवसायधोरण, गुणवत्तेची सामाईक व्यवस्था यांपैकी काही असेल तर नेटवर्क ठरू शकतं. मग त्या मंडळातल्या इतर फर्मनाही तुमच्या ऑडिट ग्राहकांपासून स्वतंत्र राहावं लागतं. नेटवर्क नसेल, तरी लेटरहेडवर 'अमुक मंडळाचे सभासद' असं छापल्याने आपण नेटवर्कचा भाग आहोत असा समज होऊ शकतो, असं ती संहिता स्पष्ट बजावते. तेव्हा ते वाक्य जपून लिहावं.

पायरी ८ : आत गेल्यावर

नुसतं जेवणाला जाऊन काही हाती लागत नाही. एखाद्या समितीत काम घ्या. नव्या नियमांचे किंवा मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी खुले होतात, त्यांवर संघटनेचं उत्तर लिहिणाऱ्या गटात फर्ममधला एखादा तरुण सहकारी बसवा. नियम लागू झाल्यावर तो वाचणाऱ्यापेक्षा मसुद्यावर डोकं लढवलेल्या माणसाला तो कितीतरी खोलवर कळतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त मिळालं ते इथेच.

एका बाबतीत मात्र फार सावध राहा. बैठकीत 'आपण सगळ्यांनी या कामाची किमान फी ठरवून टाकू या' असं कुणी म्हणालं, तर विषय तिथेच थांबवायला सांगा. थांबला नाही तर उठून जा, आणि आपण उठून गेलो हे इतिवृत्तात लिहायला लावा. वकिलांच्या संघटनेने लावून दिलेलं किमान फीचं कोष्टक हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये गोल्डफार्ब खटल्यात दिला. हा प्रतिष्ठेचा पेशा आहे, धंदा नाही, हा बचाव तिथे टिकला नाही. फी कुणी किती घ्यावी, कोणते ग्राहक कुणी घ्यावेत, कुणावर बहिष्कार घालावा, या तिन्ही गोष्टी चहाच्या वेळच्या गप्पांतसुद्धा नकोत.

पायरी ९ : दर वर्षी छाननी, आणि गरज पडल्यास निरोप

नूतनीकरणाच्या दोन महिने आधी यादी पुन्हा काढा. वर्षभरात कुणी गेलंच नाही, काही शिकलं नाही, ग्राहकानेही कधी विचारलं नाही, असं ऐच्छिक सभासदत्व सोडायला हरकत नाही. लहान फर्मला सक्तीच्या सभासदत्वांखेरीज दोन-तीन पुरतात. चौथं घ्यायचं तर त्याला वेळ देणारा माणूस नावानिशी सांगता आला पाहिजे.

सोडताना वर्गणी भरायची थांबवून गप्प बसू नका. अनेक संघटनांत लेखी राजीनाम्याशिवाय सभासदत्व संपत नाही आणि थकबाकी चढत राहते. काही ठिकाणी थकबाकीमुळे नाव काढलं जातं, आणि ते काढलं गेल्याची नोंद लोकांना दिसते. राजीनामा पाठवा, तो पोचल्याची पावती घ्या, आणि त्याच दिवशी वेबसाइट, ईमेलखालची सही, व्हिजिटिंग कार्डं, प्रस्तावांचे नमुने या सगळ्यांतून ते चिन्ह काढा. प्रस्तावांचे नमुने हमखास विसरले जातात, कारण ते प्रत्येकाच्या संगणकात वेगवेगळे साठवलेले असतात. ते एका ठिकाणी आणण्याचं काम आधी करा.