यीस्टच्या पेशीविभाजनातली मोटर प्रथिनं: या चुका टाळा

एखाद्या मोटर प्रथिनाचं, म्हणजे पेशीतल्या तंतूंवरून चालत ओढकाम करणाऱ्या प्रथिनाचं, जनुक काढून टाकलं, प्लेटवर वसाहती छान वाढल्या, की वहीत लिहिलं जातं: 'विभाजनात याची भूमिका नाही.' बेकरीच्या यीस्टवर, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीवर, प्रकल्प करणाऱ्यांची ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या पेशीत मोटर प्रथिनांच्या तीन कुळांतली सहा कायनेसिन, एक डायनिन आणि पाच मायोसिन आहेत, आणि बरीच कामं त्यांतले दोघं-तिघं वाटून घेतात. सिन८ आणि किप१ ही दोन्ही कायनेसिन स्पिंडलचे (गुणसूत्रं वाटून देणाऱ्या, सूक्ष्मनलिकांच्या सांगाड्याचे) ध्रुव एकमेकांपासून दूर सारतात. त्यांतलं एक गेलं तर पेशी तगते, दोन्ही गेली तर मरते. सिन८ नसलेली पेशी ३० अंशांना वाढते, पण ३७ अंशांना वाढत नाही. एकाच तापमानाला बघितलं तर हे कळणारच नाही.

डायनिनचं उदाहरण मात्र सावकाश समजून घ्या. या यीस्टमध्ये कळी, म्हणजे होऊ घातलेली नवी पेशी, आधी फुटते आणि स्पिंडलला नंतर त्या दिशेला वळावं लागतं. जेमतेम एक मायक्रॉन रुंदीच्या, मातृपेशी आणि कळीला जोडणाऱ्या मानेतून केंद्रकाचा अर्धा भाग कळीत पोचला पाहिजे. आधी कार९ हे प्रथिन सूक्ष्मनलिकेचं टोक मायो२ या मायोसिनला जोडून देतं. मायो२ अ‍ॅक्टिनच्या तारांवरून कळीकडे चालतं आणि त्यामागोमाग केंद्रक मानेजवळ येतं. पुढे अ‍ॅनाफेजमध्ये, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना जाताना, डायनिन ते मानेतून आत ओढतं. एक वाट बंद झाली तरी दुसरी बऱ्याच वेळा काम निभावते, म्हणून नुसतं डायनिन काढलं तर वसाहत धडधाकट दिसते. कार९ही काढलं की प्रयोगशाळेतल्या बहुतेक जातींत पेशी जगत नाहीत.

डायनिन केंद्रकाला पाठीवर घेऊन चालतं, असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात ते सूक्ष्मनलिकेच्या धन, म्हणजे वाढत्या टोकावर बसून कळीच्या कडेपर्यंत पोचतं, तिथे नम१ या प्रथिनाला अडकतं आणि मग ऋण, म्हणजे केंद्रकाकडच्या टोकाकडे चालू लागतं. काठावर पाय रोवून दोर ओढणाऱ्या माणसासारखं: माणूस जागेवरच, नाव त्याच्याकडे येते. हे सगळं केंद्रकाच्या बाहेर घडतं. यीस्टचं केंद्रकावरण विभाजनात फुटत नाही, त्यामुळे प्राणिपेशीची पुस्तकातली आकृती इथे लावू नका. सिन८ आणि किप१ आत, डायनिन आणि किप२ बाहेर, कार३ आणि किप३ दोन्हीकडे.

आता मोजणीकडे. डायनिन नसलेल्या पेशी थंडीत, १२ ते १६ अंशांना वाढवल्या की मातृपेशीतच दोन केंद्रकं आणि कळी रिकामी, असं दृश्य बरंच वाढतं. पण स्थिर केलेल्या नमुन्यातली अशी प्रत्येक पेशी 'बिघडलेली' म्हणून मोजू नका. स्पिंडल जागेवर नसेल तर पेशी विभाजन पूर्ण करायचं थांबवते, आणि बऱ्याचदा केंद्रक उशिरा का होईना कळीत शिरतं. टाकाऊ पेशी आणि वाट पाहणारी पेशी यांतला फरक जिवंत पेशींचं टाइमलॅप्स केल्यावरच कळतो. टक्केवारी काढताना भागाकार अ‍ॅनाफेजमधल्या पेशींच्या संख्येनं करा, प्लेटवरच्या सगळ्या पेशींनी नको. आणि मूळ, म्हणजे जनुक न काढलेली जातही त्याच तापमानाला, तितकाच वेळ वाढवलेली हवी.

सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होते. डॅपी हा डीएनए दाखवणारा रंग मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएलाही रंगवतो. कडेचे बारीक ठिपके म्हणजे फुटलेलं केंद्रक नव्हे. डब्ल्यू३०३ या प्रयोगशाळेतल्या जातीत अ‍ॅडेनाइन कमी पडलं की लाल रंगद्रव्य साठतं आणि ते स्वतःच चमकतं. माध्यमात जास्तीचं अ‍ॅडेनाइन घाला. अ‍ॅक्टिन फॅलॉइडिननं, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या चमकत्या रसायनानं, बघायचं असेल तर पेशी मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये स्थिर करू नका, फॉर्मल्डिहाइड वापरा. ट्युब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिकेच्या प्रथिनाला, जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडताना मूळ जनुक तसंच राहू द्या, नाहीतर दिसणारा दोष मोटरचा की जोडणीचा, हे सांगता येणार नाही. मोटर प्रथिनाला शेपटीकडे जीएफपी लावला असेल तर ते अजून काम करतंय याची खात्री हवीच. तेच काम वाटून घेणारं जोडीदार जनुक नसलेल्या जातीत ते घालून पेशी जगतात का बघणं, ही मला सगळ्यात भरवशाची कसोटी वाटते.

दिशेबद्दल एक छोटी गोष्ट. 'कायनेसिन म्हणजे धन टोकाकडे' हा नियम इथे चालत नाही. कार३ ऋण टोकाकडे जातं, आणि सिन८ दोन्ही दिशांना जाऊ शकतं हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. तसंच, विखंडन पद्धतीनं वाढणाऱ्या पॉम्बे यीस्टचे निष्कर्ष इकडे आणू नका. तिथे कट७ हे सिन८सारखं कायनेसिन एकटं गेलं तरी पेशी मरते, आणि डायनिनचं मोठं काम सूत्रीविभाजनात नसून अर्धसूत्रीविभाजनात आहे.

दुहेरी उत्परिवर्तन घातक आहे असं म्हणायचं असेल तर टेट्राड, म्हणजे एकाच पेशीपासून बनलेल्या चार बीजाणूंचा संच, तोडून बघा. दोन जनुकं एकमेकांपासून दूर असतील तर चार बीजाणूंत सरासरी एक दुहेरी असतो. तो उगवलाच नाही तर त्याचा जनुकप्रकार भावंडांवरून काढावा लागतो, म्हणून पुरेसे टेट्राड हवेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्लेट फेकू नका. पाचव्या दिवसापर्यंत ठेवा, कारण 'मेलेला' आणि 'फार हळू वाढणारा' हे दोन वेगळे निकाल आहेत.